कपाटाला कुणी कुणी हात लावला?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी चोरी झाली. नात्यातल्या लग्नासाठी आम्ही सगळे श्रीरामपूरला गेलो होतो. रात्री मुक्काम तिथेच पडला आणि सकाळी फजरनंतर शेजारच्या चाचींचा फोन आला, की तुमच्या मागच्या दाराचा कोयंडा उचकटलेला दिसतोय. आम्ही तासाभरात कोल्हारला पोहोचलो. तोवर घरात निम्मी गल्ली जमली होती.

कोल्हारची माणसं मायेची. त्या तासाभरात त्यांनी आमच्यासाठी काय काय केले ते ऐका. पुतण्याने कपाट पुरते उघडून काय गेले, काय राहिले ते पाहिले. चाचींनी जमिनीवर फेकलेले कपडे उचलून घड्या घातल्या. ‘पाहुण्यांचं घर असं नको दिसायला’ म्हणून कुणीतरी चोरांच्या पायांची माती ओल्या फडक्याने पुसून काढली. एकाने तुटलेला कोयंडा ठोकून सरळ केला. आणि आमच्याच स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी चहा झाला, स्टीलचे सगळे पेले त्यात वापरले गेले.

दुपारी अंगुलीमुद्रा पथकाचा माणूस आला. हातात एक पेटी, वय असेल तिशीचे. त्याने घरभर नजर फिरवली आणि शांतपणे विचारले, “कपाटाला कुणी कुणी हात लावला?”

आम्ही मोजायला लागलो. अकरावर येऊन थांबलो.

तो हसला नाही, चिडलाही नाही. “मग अकरा जणांचे ठसे घ्यावे लागतील, वगळायला,” एवढेच म्हणाला आणि ब्रश काढून कामाला लागला. आमचे कानातले आणि कपड्यांत ठेवलेले बारा हजार रुपये गेले ते गेलेच. पण हा लेख चोरीवर नाही. चाचींची नात त्या वेळी दारात उभी राहून तो ब्रश बघत होती, तिच्यावर आहे.

मुलीची दहावी नुकतीच झाली होती. तिने विचारले, “सर, पावडर काळीच का?” तो म्हणाला, फिकट पृष्ठभागावर काळी, गडद पृष्ठभागावर पांढरी, ठसा उठून दिसला पाहिजे. तिने पुढचा प्रश्न केला, “आणि आरशावर?” मग दोघांचे बराच वेळ चालले. संध्याकाळी ती आमच्याकडे आली. “मला हेच करायचंय. काय शिकावं लागतं?” तिच्या मागोमाग तिची अम्मी आली, ओढणीने हात पुसत. “सर, समझाओ इसे. मुर्दों के पास कौन भेजेगा अपनी लडकी को?”

आम्ही तेव्हा ‘बघू’ म्हटले. शिक्षकाला माहीत नसते तेव्हा तो ‘बघू’ म्हणतो. पुढचे काही महिने खरेच बघितले. जे हाती लागले ते या वेळी वाचकांपुढे ठेवत आहोत, कारण शाळेत हा प्रश्न विचारणारी ती एकटी नाही.

मुलांच्या डोक्यात हे काम कुठून येते ते उघड आहे. ‘सीआयडी’ ही मालिका १९९८ मध्ये सुरू झाली. शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न, दया दार तोडणार, आणि डॉक्टर साळुंखे दोन मिनिटांत नळीतले पाणी निळे करून खुन्याचे नाव सांगणार. आम्हीही ते आवडीने पाहिले आहे. पण पालकांनी आधी हे समजून घ्यावे, की प्रत्यक्षात दार तोडणारा, ठसे उचलणारा, नळी हलवणारा आणि प्रेत तपासणारा ही चार वेगवेगळी माणसे असतात आणि चौघांची वाट वेगळी आहे.

तपासाची जबाबदारी पोलीस अधिकाऱ्याची. पंचनामा तो करतो, दोन पंचांसमोर. ठसे उचलणारे अंगुलीमुद्रा केंद्राचे. महाराष्ट्रात हा विभाग पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाखाली येतो, तसाच हस्ताक्षर तपासणीचा आणि छायाचित्रणाचाही. रक्त, विष, डीएनए, दारू, संगणक, आवाजाच्या ध्वनिफिती या सगळ्यांची तपासणी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होते. तिचे मुख्यालय मुंबईला कालिना येथे, आणि विभागीय प्रयोगशाळा नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती अशा ठिकाणी. शवविच्छेदन मात्र डॉक्टरच करणार, त्यासाठी एमबीबीएस आणि पुढे न्यायवैद्यकशास्त्रातले एमडी. म्हणजे चाचींच्या सुनेची भीती निम्मी तरी इथेच कमी व्हावी. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बहुतेकांसमोर प्रेत येत नाही. येते ते सीलबंद पाकीट.

आता एक बदल झाला आहे, तो लक्षात घेण्यासारखा. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७६ (३) प्रमाणे सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने स्वतः घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत आणि त्याचे चित्रीकरण व्हायचे आहे. ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. महाराष्ट्रात त्यासाठी फिरत्या प्रयोगशाळांच्या गाड्या सुरू झाल्या आहेत. गाडी घेता येते, माणसे तयार करावी लागतात. म्हणून आज अकरावीत असलेल्या मुलांसाठी हा विषय चार-पाच वर्षांपूर्वी होता त्यापेक्षा जास्त खरा आहे.

घटनास्थळी करायचे काय? ऐकायला सोपे आहे. जागा बंद करायची, आत-बाहेर जायला एकच वाट ठेवायची. कशालाही हात लावण्याआधी सगळे टिपायचे: लांबून फोटो, मधून फोटो, जवळून मोजपट्टी ठेवून फोटो, मग हाताने काढलेला नकाशा, भिंतीपासून किती फूट, दारापासून किती. त्यानंतर शोध. मग उचलणे, बांधणे, सील करणे, नाव-तारीख घालणे. आणि ती वस्तू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात कधी गेली याची नोंद, थेट कोर्टात टेबलावर येईपर्यंत.

बांधण्यातही केवढे शिकण्यासारखे आहे! रक्ताचे कपडे आपण घाईने प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू. तिथेच घात होतो. ओल धरली की बुरशी आणि जंतू डीएनए खाऊन टाकतात. कपडे सावलीत वाळवायचे आणि कागदात बांधायचे. विषबाधेच्या संशयात पोटातले अवयव तपासणीला पाठवताना ते मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, फॉर्मेलिनमध्ये नाही, कारण फॉर्मेलिनमुळे बऱ्याच विषांची तपासणी बिघडते. आठवीच्या पुस्तकातले ‘संपृक्त द्रावण’ असे कुठे कामाला येते हे मुलांना सांगितले की त्यांचे डोळे मोठे होतात. आम्ही सांगून पाहिले आहे.

फ्रान्समधल्या ल्यों शहरात एडमंड लोकार्द यांनी १९१० मध्ये पोलिसांसाठी प्रयोगशाळा सुरू केली. दोन गोष्टी एकमेकींना टेकल्या की दोन्ही एकमेकींवर काहीतरी ठेवून जातात, हा त्यांचा विचार साऱ्या जगाने घेतला. कोल्हारात तो शिकवायला फ्रान्सला जायला नको. प्रवरेच्या काठची वाळू, उसाच्या रानातली काळी माती आणि नगर-मनमाड रस्त्याच्या कडेचा मुरूम, तिन्ही कागदाच्या पुड्यांत घेऊन वर्गात ठेवा. मग मुलांना आपापल्या चपलेचा तळ खरवडायला सांगा. कोण कुठून आले ते तिसरी पुडी उघडायच्या आत कळते. आमच्या घरातली चोरांच्या पायांची माती कुठली होती, कोण जाणे. ती फडक्याबरोबर मोरीत गेली.

याच वर्गात आम्ही शाईच्या पॅडवर सगळ्यांचे अंगठे घेतले. शंख आणि चक्र हे शब्द घरातल्या बुजुर्ग बायकांना माहीत असतातच. ठशांच्या शास्त्रातही मुख्य नमुने तेच, त्यांत कमानीची भर. शंख सर्वांत जास्त, साधारण साठ-पासष्ट टक्के; चक्रे तीसेक टक्के; कमानी जेमतेम पाच. आमच्या वर्गातली मोजणी त्याच्या आसपास आली, आणि मग आम्ही मुलांना काझी अझीझुल हक यांची गोष्ट सांगितली. ती आमच्या घराघरांत माहीत असायला हवी होती, पण नाही.

अझीझुल हक हे खुलना जिल्ह्यातले, आजच्या बांगलादेशातले. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकणारा गणितात हुशार मुलगा. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री ठशांच्या मागे लागले होते, आणि त्यांना अशाच मुलाची गरज होती. अडचण साधी होती. हजारो गुन्हेगारांच्या दहा बोटांचे ठसे कागदावर घेतले, पण नवा ठसा आला की जुन्या गठ्ठ्यात तो शोधायचा कसा? एकेक कागद उलटत बसले तर महिना जायचा. हक यांनी बोटांच्या पाच जोड्या पाडल्या. ज्या बोटावर चक्र असेल त्याला गुण: पहिल्या जोडीत १६, मग ८, ४, २ आणि १. जोडीतल्या एका बोटाचे गुण वर, दुसऱ्याचे खाली, अपूर्णांकासारखे. दोन्हींत एक मिळवायचा. वर ३२ शक्यता, खाली ३२. बत्तीस गुणिले बत्तीस, १०२४ कप्पे. कागद आला की गुण मोजा, थेट कप्प्यात हात घाला. ही सहावीच्या मुलाला कळणारी गोष्ट आहे, पण ती सुचायला हक लागले. त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांनीही या पद्धतीत मोठी भर घातली. १८९७ मध्ये कलकत्त्यात जगातले पहिले अंगुलीमुद्रा कार्यालय सुरू झाले. १९०१ मध्ये हीच पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेली.

पद्धतीला नाव पडले हेन्री यांचे. हक यांना पुढे खानबहादूर हा किताब आणि पाच हजार रुपये मिळाले. हेन्रींनीही उशिरा का होईना त्यांचे श्रेय मान्य केले.

त्या कार्यालयाच्या सुरुवातीच्या काळातला एक खटला. जलपायगुडीच्या चहाच्या मळ्यातला व्यवस्थापक घरात मारलेला सापडला, पैशांची चोरी झाली होती. त्याच्या सामानात एक बंगाली पंचांग होते आणि त्यावर तपकिरी डाग. त्यातला एक अंगठ्याचा निघाला. आधी चोरीत शिक्षा झालेला त्याचा जुना नोकर कांगाली चरण, त्याच्या उजव्या अंगठ्याचा ठसा कार्यालयात होता, दोन्ही जुळले. १८९८ मध्ये निकाल लागला. कोर्टाने त्याला चोरीत दोषी धरले आणि खुनातून सोडले. ठसा एवढेच सांगतो, की या माणसाने या वस्तूला हात लावला. मारले कुणी ते तो सांगत नाही. एका मुलाने लगेच हात वर केला, “सर, मग अकरा जणांनी तुमच्या कपाटाला हात लावला म्हणजे अकरा चोर नव्हेत.” बरोबर.

आमच्या लोकांना हा विचार परका नाही. हजरत युसूफ (अ.स.) यांचा सदरा मागून फाटला होता की पुढून, यावरून खरे-खोटे ठरल्याचा किस्सा मदरशातले लहान मूलही सांगते. सदरा मागून फाटलेला, म्हणजे ते पळत होते. याच सूरेत आधी दुसरा सदराही येतो, भावांनी खोटे रक्त लावून वडिलांपुढे ठेवलेला. पुरावा बोलतो आणि पुरावा रचताही येतो, हे दोन्ही एकाच गोष्टीत.

प्रयोगशाळेचे उत्तर म्हणजे शेवटचा शब्द, असे मात्र मुलांच्या मनात बसू देऊ नये. त्यासाठी महाराष्ट्रातलाच एक खटला सांगावासा वाटतो. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे, पैसेवाल्या विधवा. त्यांचा डॉक्टर अनंत चिंतामण लागू त्याच घरात राहायचा. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री तो त्यांना तपासणीसाठी म्हणून रेल्वेने मुंबईला घेऊन निघाला. पहाटे गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसला लागली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. त्याने त्यांना जी. टी. रुग्णालयात नेले आणि नाव लिहिले भलतेच. त्या त्याच दिवशी वारल्या. प्रेत न्यायला कुणी आले नाही, शवविच्छेदन दहाएक दिवसांनी झाले, आणि अवयवांच्या तपासणीत विष सापडले नाही. इकडे पुण्यात बाईंच्या नावाने पत्रे येऊ लागली, की मी लग्न केले आहे, दूर राजस्थानकडे संसार थाटला आहे. तिकडे बाईंची मालमत्ता हळूहळू लागूच्या हाती जात होती.

विष सापडले नाही, मग खून कसा म्हणायचा? हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १४ डिसेंबर १९५९ च्या निकालात दोन न्यायमूर्तींचे बहुमत होते, आणि ते लिहिले न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी, आपल्या नागपूरचे, पुढे देशाचे पहिले मुस्लिम सरन्यायाधीश झाले ते. अहवालात विष नाही याचा अर्थ विष दिलेच नाही असा होत नाही; कितीतरी विषे मागे खूण ठेवत नाहीत. खोटे नाव, खोटी पत्रे, मृत्यू लपवणे, मालमत्ता लाटणे, या सगळ्या कड्या जोडल्या तर एकच निष्कर्ष निघतो, असे बहुमताने धरले आणि फाशी कायम झाली. तिसऱ्या न्यायमूर्तींना हे पटले नव्हते, हेही मुलांना सांगावे. आम्ही वर्गात यावर हात वर करायला लावले. वर्ग सरळ दोन भागांत फुटला आणि मधली सुट्टी गेली.

या खटल्यात सर्वांत आधी काय चुकले? प्रेत दहा दिवस पडून राहिले. आणि इथे आम्हाला आपल्याच घरांबद्दल थोडे बोलायचे आहे.

आपल्यात मय्यत लवकर दफन करण्याची रीत आहे आणि ती मायेची, आदराची रीत आहे. पण मृत्यू संशयास्पद असेल तेव्हाही ‘चीरफाड नको’ म्हणून गावातले चार मोठे पोलिसांची विनवणी करतात, हे आम्ही पाहिलेले आहे. वयोवृद्ध माणूस आजाराने गेला तर प्रश्नच नाही. पण लग्नाला सात वर्षेही झाली नाहीत अशी सून जळून, विहिरीत पडून किंवा औषध पिऊन गेली, तर कायदा शवविच्छेदन मागतो आणि ते तिच्यासाठी मागतो. गुस्ल झाला, कपडे धुतले गेले, खोली सारवली गेली की तिच्या बाजूने बोलणारे काही उरत नाही. मग माहेरच्यांना शंका येते, अर्ज होतात, दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाने कबर उघडावी लागते. त्यापेक्षा आधीचे चार तास बरे नव्हेत का? अशा घरात जाऊन बायकांशी त्यांच्या बोलीत, त्यांच्या रीतीभाती सांभाळून बोलणारी, खोलीला कुणी हात लावू नका असे प्रेमाने सांगू शकणारी आपल्यातलीच मुलगी असेल तर किती फरक पडेल! चाचींच्या सुनेला आम्ही हे सांगितले तेव्हा ती गप्प झाली. तिच्या माहेरची एक गोष्ट तिला आठवली असावी. आम्ही विचारले नाही.

भाषेचा एक मुद्दा, थोडा गमतीचा. उर्दू माध्यमातली मुले पोलिसी मराठीला घाबरतात. आम्ही एकदा फळ्यावर तीच मराठी लिहिली: फिर्याद, जबाब, हकीकत, मुद्देमाल, जप्ती, हजर, फरार, जखमी, वारस, इसम, मयत, गुन्हा. मुले हसायला लागली. यातला एकही शब्द त्यांना परका नव्हता. ‘इसम’ म्हणजे आपले इस्म, ‘मयत’ म्हणजे मय्यत, आणि ‘पंचनामा’ तर अर्धा संस्कृत, अर्धा फारसी. शिवकाळाच्याही आधीपासून दप्तरांत मुरलेले हे शब्द आहेत. ज्या मुलाच्या घरी उर्दू आणि दारात मराठी, त्याला पंचनाम्याची भाषा अर्धी येतेच. घाम फुटतो तो अकरावीच्या इंग्रजी रसायनशास्त्राला, आणि त्याची तयारी सुट्टीतच सुरू करावी.

आता वाट. अकरावीला विज्ञान, भौतिक, रसायन यांच्या जोडीला जीवशास्त्र किंवा गणित, जमल्यास दोन्ही. बारावीनंतर न्यायसहायक विज्ञानात बीएस्सी करता येते. मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे राज्य सरकारच्या न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. कोल्हारहून सोयीची संभाजीनगरची. गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२० मध्ये संसदेच्या कायद्याने झाले, त्याची वेगळी प्रवेश परीक्षा असते.

पण आमचे मत विचाराल तर दुसरी वाट बरी. लोणी, श्रीरामपूर, संगमनेर, जिथे रोज जाऊन-येऊन जमेल तिथे रसायनशास्त्र घेऊन साधी बीएस्सी करावी आणि न्यायसहायक विज्ञान पदव्युत्तर पातळीवर घ्यावे. कारण सरकारी जागा कमी आणि अधूनमधून निघतात. २०२४ मध्ये राज्याच्या प्रयोगशाळांनी १२५ जागांची जाहिरात काढली, वैज्ञानिक सहायकापासून लिपिकापर्यंत सगळे धरून, साऱ्या महाराष्ट्रासाठी. सहायक रासायनिक विश्लेषकाच्या जागा लोकसेवा आयोगामार्फत भरतात. केंद्राच्या प्रयोगशाळा पुणे, हैदराबाद, भोपाळ, चंदीगड अशा ठिकाणी आहेत, त्यांची भरती निराळी. जाहिरात दोन वर्षे आलीच नाही तर रसायनशास्त्राची पदवी असलेली मुलगी औषध कंपनीत, अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत किंवा आमच्यासारखी बीएड करून शाळेत जाऊ शकते. नुसती न्यायसहायक विज्ञानाची पदवी घेतलेली जाहिरातीची वाट बघत बसते. काही मुले बसलेली आम्हाला माहीत आहेत.

एक वर्षाची ‘गुन्हे अन्वेषण पदविका’ देणाऱ्या खासगी संस्थांचे फलक अलीकडे दिसतात. नोकरीची हमीही देतात. पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: तुमची प्रयोगशाळा दाखवा, आणि कोणत्या सरकारी जाहिरातीत ही पदविका मागितली आहे तो कागद दाखवा. दोन्ही दाखवले तर विचार करावा.

अंगुलीमुद्रा तज्ज्ञ व्हायचे तर केंद्रीय अंगुलीमुद्रा केंद्राची अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ज्यांना संगणक आवडतो त्यांच्यासाठी मोबाइल आणि संगणक तपासणीचा विभाग आहे. आज जवळजवळ प्रत्येक गुन्ह्यात मोबाइल असतोच, तेव्हा तिथे काम वाढतच जाणार.

स्वभावाचेही पाहावे. रात्री दोनला बोलावणे, वास, माशा, रडणारी माणसे. एक ओळ दहा वेळा लिहिण्याची चिकाटी. आणि सात-आठ वर्षांनी कोर्टात वकील विचारतो, पाकिटावर सील कुणाचे होते, किती होते. तेव्हा ‘आठवत नाही’ चालत नाही, वहीत लिहिलेले असावे लागते.

सील ही क्षुल्लक गोष्ट नाही. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे गेली. १३ जणांवर खटला चालला. त्यातले एक शाळाशिक्षक, अब्दुल वाहिद शेख, नऊ वर्षे तुरुंगात काढून २०१५ मध्ये निर्दोष सुटले. उरलेल्या बाराजणांत पाचांना फाशी, सातांना जन्मठेप झाली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने ती सगळी शिक्षा रद्द केली. कारणे बरीच होती. त्यात एक असे, की जप्त केलेल्या वस्तू प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत नीट सीलबंद आणि सुरक्षित होत्या हे सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये एवढी स्थगिती मिळाली, सुटलेल्यांना परत तुरुंगात जावे लागले नाही. बाराजणांतला एक मात्र निकालाआधीच तुरुंगात असताना वारला होता. आणि ज्यांची माणसे गाडीत गेली त्यांना एकोणीस वर्षांनीही कळलेले नाही, की स्फोट केले कुणी. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी कुणी फारसे बोलले नाही.

प्रयोगशाळेत बसलेल्याने पोलिसांचाही नसावे आणि आरोपीचाही. समोरच्या नळीत जे दिसले ते लिहावे. रिकामी दिसली तर रिकामी लिहावे, वरून फोन आला तरी. हे पुस्तकात शिकवता येत नाही, घरात शिकते मूल. शेजाऱ्याच्या भांडणात साक्ष द्यायची वेळ आली की आपण मुलांसमोर काय बोलतो, ते ती बघत असतात.

चाचींची नात आता अकरावी विज्ञानाला आहे, रोज बसने लोणीला जाते. घरचे पदवीपर्यंत तयार झाले आहेत. पुढचे ‘बघू’, या वेळी तिच्या अब्बांचे. रसायनशास्त्रात पहिल्या चाचणीत तिला पंचवीसपैकी अकरा गुण मिळाले, रडत आली होती. आम्ही तिला मोलची आकडेमोड पुन्हा पहिल्यापासून घालून दिली.

गेल्या आठवड्यात गल्लीत एका दुकानाचे शटर उचकटलेले दिसले. माणसे जमली. ही मुलगी पायरीवर उभी होती, हातात मोबाइल, आणि आत शिरू पाहणाऱ्या आपल्या सख्ख्या चाचाला सांगत होती, “आत नका जाऊ. आधी मी फोटो काढते, मग पोलीस येईपर्यंत कुणी शटरला हात लावायचा नाही.” चाचा दुकानमालकाकडे बघत होता, दुकानमालक आमच्याकडे. आम्ही हात मागे बांधून उभे राहिलो.